तिकिटाच्या पेटीतले उंदीर

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय बाबा,

सविनय जय भीम. पाकीट हातात पडल्यावर तुम्ही आधी आईकडे बघाल, मग ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासाल, जुनं तिकीट चालवायला निघालेल्या प्रवाशाचं तिकीट तपासायचात तसं. तपासून झालं की ओट्यावर बसा आणि शेवटपर्यंत वाचा. मार्चपासून तुम्ही माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीत. आई फोन तुमच्या कानाला लावते, तुम्ही तो तिच्या हातात परत देता आणि म्हणता, "पोरीनं मनाई केली हाय. मोडता येत नाही." मी आमच्या संस्थेच्या गेटवर रागाच्या भरात जे बोलले, त्याला तुम्ही थेट एसटी महामंडळाच्या परिपत्रकाचा मान दिलात. पण बाबा, त्या परिपत्रकात फोनचा आणि निरोपाचा उल्लेख होता, पत्राचा नव्हता. तेव्हा हे वाचल्याने तुमच्याकडून कोणताही नियम मोडला जात नाही.

तुम्हाला मी लहानपणापासून एकाच रूपात पाहिलं आहे: कुणाचं तरी काहीतरी अडलं आहे आणि तुम्ही चप्पल शोधता आहात. एसटीत कंडक्टर होतात तेव्हा पगार तिकिटं फाडायचा मिळायचा, पण कामं तुम्ही सगळी करायचात. म्हातारीचं गाठोडं टपावर, बाळंतिणीला खिडकीची जागा, भांडणाऱ्या नवराबायकोला दोन वेगळ्या बाकांवर. सगळ्यांची सोय लागली की दोरी दोनदा ओढून डबल बेल, आणि मगच गाडी हलायची. निवृत्तीनंतर ती डबल बेल आपल्या घरात राहायला आली. जेवायला बसलो की तुम्ही ताटावर दोनदा बोट वाजवायचात, मग पहिला घास. माझ्या दहावीच्या पेपरला दारावर दोनदा. मी पहिल्यांदा पुण्याला निघाले तेव्हा पुसदच्या स्टँडवर तुम्ही गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारलीत, आणि गाडी खरंच सुटली. त्या गाडीचा खरा कंडक्टर तेव्हा खाली उभा राहून चहा पीत होता.

आणि धनीबाई काकूंची बकरी आठवते ना? ती शेजारच्या नव्या खड्ड्यात पडली, काकूंनी तुम्हाला एक हाक मारली, तुम्ही गल्लीत चार हाका मारल्या आणि त्या चौघांनी आणखी कुणाकुणाला. कुणी दोर आणला, कुणी शिडी, कुणी घरातली बाज उचलून आणली, ती कशाला ते अजून कळलेलं नाही. एवढी गर्दी पाहून बकरी भेदरली आणि स्वतःच उडी मारून बाहेर आली. पण माणसं जमलीच होती म्हणून चहा ठेवला गेला, चहा झाला म्हणून बकरीवर चर्चा झाली, आणि तेवढ्या वेळात चिंचेवरची वानरं उतरून प्रत्येक उघड्या घरात जाऊन आली. आपलं पीठ सांडलं, काकूंचे टमाटे गेले, विहारातली केळी गेली. वानरांना हाकलायला अख्ख्या वस्तीत एकही माणूस घरी नव्हता, कारण सगळे मदतीला गेले होते.

मागच्या ऑक्टोबरात सुट्टीला आले होते तेव्हा तुम्ही मला समोर बसवून घेतलंत. "लोक मले इचारतात, पोरगी काय करून राह्यली? मी म्हनतो पीएचडी. मंग इचारतात, कायच्यात? मी म्हनतो उंदरात. पुढचं मले सांगता येत नाही, थे सांग." आई शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोरचे दाणे ओढून घेतले आणि ओट्यावर मांडून सांगितलं. उंदरांमध्ये एक विषाणू असतो. तो माणसाला होत नाही, हे मी तेव्हा तीनदा बजावलं आणि तुम्ही गावात एकदाही सांगितलं नाहीत. हा विषाणू उंदराच्या बी पेशींमध्ये शिरून बसतो. एरवी या पेशींचं काम शत्रूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायचं. विषाणू आत शिरला की ती पेशी मदतनीस टी पेशीला हाक मारते. मदतनीस पेशी धावत येते, तिचा तो स्वभावच. ती म्हणते, वाढा, वाढा. बी पेशी वाढतात आणि आणखी मदतनिसांना हाका मारतात. होता होता ही सगळी गर्दी गाठींमध्ये आणि पोटातल्या पांथरीत जमते, पांथरी सुजून कितीतरी पट होते, आणि एवढ्या पेशी असून खऱ्या कामाला एकही उपयोगाची उरत नाही. मग एखादं किरकोळ दुखणंही उंदराला लोळवतं. माणसाच्या एड्समध्ये मदतनीस पेशी मरतात म्हणून माणूस उघडा पडतो. उंदराच्या या आजाराचा प्रकार उलटा आहे, त्या पेशींशिवाय तो उभाच राहत नाही. ज्या उंदरात जन्मापासून मदतनीस पेशी नसतात त्याला विषाणू टोचला तरी हे दुखणं होत नाही, असं आधीच्या लोकांनी दाखवून ठेवलं आहे. ही पेशी बी पेशीशी नेमकं काय बोलते आणि कधी बोलते, ते मी शोधते आहे.

तुम्ही ते दाणे पुन्हा पहिल्यापासून मांडून बघायला लागलात. आई मात्र टोपल्यातून मान वर न काढता म्हणाली, "म्हनजे धनीबाईच्या बकरीचंच झालं हे. अन् थे मदतनीस पेशी म्हनजे तुहा बाप." मला वाटलं तुम्हाला राग येईल. तुम्ही तर खूश! दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सांगत होतात की आपल्या स्वभावाची एक पेशी शास्त्रज्ञांना सापडली आहे आणि ती उंदरातसुद्धा असते.

फेब्रुवारीच्या शेवटी फोनवर मी रडगाणं लावलं, की मदतनीस पेशी नसलेले उंदीर पुरेसे जन्मतच नाहीत आणि त्यापायी काम अडून बसलं होतं. बाबा, 'अडून' हा शब्द मी तुमच्यासमोर काढायलाच नको होता. पुढे मी असंही म्हणाले की आता उंदीर मिळाले, विषाणू टोचून झाला, मार्चात तपासणी, पण तोवर तुम्ही फोन आईकडे देऊन चप्पल शोधायला गेला होतात.

त्यानंतर काय काय घडलं ते मला संघदीपने नंतर तुकड्यातुकड्यांत सांगितलं, आणि सांगताना माझा भाऊ असूनही तो एवढा हसत होता की निम्मं कळलं नाही. तुम्ही तांड्यावर लालसिंग काकांकडे गेलात. हरभरा काढणीला आलेला, काकांचं वावर उंदरांनी पोखरलेलं, तेव्हा एकाचं संकट जाईल आणि दुसऱ्याची नड भागेल असा तुमचा हिशोब. संघदीपने शंका काढली की ताईचे उंदीर काळे असतात. त्यावर काका म्हणाले, "पेटीत अंधारच रायते. अंधारात समदे काळे." मग त्याने दुसरी शंका काढली, की त्या उंदरांत मदतनीस नको आहे. काकांकडे त्याचंही उत्तर होतं. "वावरातला उंदीर एकटाच फिरते, त्याले कोन मदतनीस?" एवढ्यावर तुमची खात्री पटली. विहाराच्या भोंग्यावरून तुम्ही आवाहन केलंत की संशोधनासाठी फक्त निरोगी आणि होतकरू उंदीर द्यावेत. कुणीतरी घूस आणून दिली, ती तुम्ही वयात बसत नाही म्हणून परत पाठवलीत.

ज्या पत्र्याच्या पेटीत तुम्ही जन्मभर तिकिटांच्या गड्ड्या ठेवल्या, मशीन आल्यावरही जी रोज पुसून फळीवर ठेवत होतात, आणि जिला मी लहानपणी हात लावला तर ओरडायचात, त्या पेटीला तुम्ही खिळ्याने भोकं पाडलीत. आत कापूस, ज्वारी आणि गाजराचे तुकडे. पुसद-पुणे गाडीत पेटीत काय आहे असं कंडक्टरने विचारलं तर तुम्ही म्हणालात, "संशोधन." आणि त्याचं सामानाचं तिकीटही काढलंत, कारण फुकट प्रवास तुम्ही जन्मात कुणाला करू दिला नाहीत. दोन उंदीर वाटेत कुठेतरी उतरले. बाकीचे पुण्यापर्यंत आले.

आमच्या संस्थेच्या गेटवर बाहेरचं कोणतंही जनावर आत सोडत नाहीत. पण गेटवर पहाऱ्याला होते मारोतराव, आपल्याच जिल्ह्यातल्या दारव्ह्याचे. तुम्ही आपल्या गावाचं नाव, 'फुलसावंगी', म्हणालात आणि नियम तिथेच संपला. मी धावत पोचले तेव्हा तुम्ही त्यांच्या खुर्चीवर बसला होतात, ते स्टुलावर होते, मध्ये चहा होता, आणि दोघांना नात्यातलं एक लग्नही सापडलं होतं. "हे घे," म्हणून तुम्ही मोठ्या दिमाखात झाकण उघडलंत. पहिला उंदीर उडाला तो थेट मारोतरावांच्या डब्यात, भरल्या वांग्यावर. मारोतराव टेबलावर चढले. दुसरा माझ्या पायावरून निघाला आणि मी विचार न करता वाकून त्याची शेपटी धरली. चार वर्षं दिवसभर तेच करते मी, हात आपोआप जातो. उंदीर माझ्या हातात लोंबकळत होता आणि तुम्ही मारोतरावांना सांगत होतात, "पाहा, पाहा, कशी धरते! शिकेल पोट्टी हाय."

तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेरच्या उंदराला हात लागलेल्या माणसाला आमच्या प्राणीगृहात आठवडाभर पाऊल टाकता येत नाही. वावरातल्या उंदराच्या अंगावर ज्या जंतूंचं काहीच चालत नाही, त्या जंतूंनी माझे मदतनीस नसलेले उंदीर पटापट मरतील. आणि तपासणी त्याच आठवड्यात होती. ती वेळ टळली की अख्खी तुकडी वाया, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी गेटवर, मारोतराव टेबलावर असताना, मोठ्याने ओरडले: बाबा, पुरे झालं, यापुढे मला कसलीच मदत करायची नाही, फोन नाही, निरोप नाही, काही नाही. तुम्ही "बरं" म्हणालात. शोधून शोधून सगळे उंदीर पेटीत घातलेत आणि रिक्षात बसलात. रिक्षाच्या टपावर तुम्ही दोनदा थाप माराल म्हणून मी उभी राहिले. रिक्षा तशीच निघून गेली. ते उंदीर तुम्ही परतीचं तिकीट काढून फुलसावंगीला नेलेत आणि लालसिंग काका दोन्ही हातांनी नको नको करत असताना त्यांच्याच हरभऱ्यात सोडलेत, हे मला आईकडून कळलं.

मग सुरू झाला तुमचा संन्यास. आईचा फोन आला की आधी ती बातम्या देते. गावातलं विजेचं रोहित्र जळालं, लोक आले, तुम्ही म्हणालात, "मी आता मदत करत नाही. मदतीनं पांथरी सुजते." पानठेल्यावर दाणे मांडून तुम्ही लोकांना बी पेशी समजावता आणि शेवटी हात झटकून घरी येता. धनीबाई काकूंची बकरी पुन्हा त्याच खड्ड्यात पडली तेव्हा तुम्ही काठावर खुर्ची टाकून नुसते बघत बसलात, बकरी आपोआप बाहेर येते की नाही ते पाहायला. ती आली नाही. संध्याकाळी काकूंनी एकटीने ओढून काढली, आणि तेव्हापासून तुम्ही दिसलात की त्या बकरीशी मोठ्याने तुमच्याबद्दल बोलतात. या बातम्यांवर मी खूप हसायचे. पण मागच्या महिन्यात आई म्हणाली, "पहिले ह्या मानसाच्या धावन्यानं हैरान होतो, आता याच्या बसन्यानं. चप्पल दारातच रायते दिवसभर. जेवाले बसला का ताटही वाजवत नाही." त्या दिवशी मला हसू आलं नाही.

आता माझी बातमी. दुसरी तुकडी नीट पार पडली. मदतनीस नसलेल्या उंदरांना विषाणू टोचला आणि त्यांना काहीही झालं नाही. पांथरी जशीच्या तशी, बारीक, नीटस. ज्यांच्यात मदतनीस होते त्यांची एवढी सुजलेली, की बघवत नव्हती. माझ्या गाईड मॅडमनी टाळी दिली. मी मनात म्हटलं, बघा बाबा, मी बरोबर होते. हा तोरा महिनाभर टिकला. त्या खोलीतली हवा गाळून येते, अन्न निर्जंतुक करून येतं, पाणीसुद्धा. तरी कुठून तरी एक अगदी साधा जंतू आत आला, कुणाच्या हातमोज्यातून की कशातून ते कळलं नाही. बाजूच्या पिंजऱ्यांतल्या धडधाकट उंदरांनी त्याची दखलही घेतली नाही. पुढच्या तपासणीसाठी जिवंत ठेवलेल्या माझ्या मदतनीस नसलेल्या उंदरांना मात्र न्यूमोनिया झाला. ज्या आजारासाठी मी चार वर्षं घालवली त्यातून ते सहीसलामत सुटले, आणि दुसऱ्याच्या शिंकेने गेले.

ऑगस्टमध्ये मला ताप आला. हे मी घरी सांगितलं नव्हतं, आता सांगते. एरवी मी फोनवर नुसती शिंकले असते तर तुम्ही उमरखेडच्या कुणाच्या तरी पुण्यातल्या भाच्याला उठवलं असतं, आणि तो सकाळी काढा आणि खिचडी घेऊन माझ्या दारात आला असता. तीनदा असे भाचे येऊन गेलेत, त्यातल्या एकाला तर माझं नावही नीट माहीत नव्हतं. या वेळी कुणी आलं नाही. खोली स्वच्छ होती, शांत होती, दार बंद होतं. शेवटी मोनालीने, माझ्याबरोबर काम करते ती, दार ठोठावून मला दवाखान्यात नेलं. टायफॉइड होता, बरी झाले, काळजी नको. पण त्या बंद खोलीत पडल्या पडल्या मला तुमची एवढी आठवण आली की मी उशीत तोंड खुपसून रडले. मी गेटवर जे बोलले ते शास्त्राला धरूनच होतं, बाबा, फक्त अर्धं होतं. मदतनीस नसला की तो एक आजार होत नाही. बाकी सगळे होतात.

तर आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. पुढच्या महिन्यात प्रबंध देण्याआधी मला माझं सगळं काम लोकांसमोर मांडायचं आहे, दार सगळ्यांना खुलं असतं. हॉलमध्ये साठ खुर्च्या आहेत. अशा वेळी पहिल्या रांगेत चारपाच जण बसतात, त्यातला एक झोपतो, आणि बाकीच्या रिकाम्या खुर्च्या आपल्याकडे बघत राहतात. मला त्या खुर्च्यांची फार भीती वाटते. म्हणून सांगते, बाबा, माझं अडलं आहे. हा शब्द मी या वेळी जाणूनबुजून लिहिला आहे. चप्पल दारातच आहे असं आई म्हणते, तेव्हा शोधण्यात वेळ जायचा नाही. आईला आणा, संघदीपला आणा, लालसिंग काका, धनीबाई काकू, पानठेल्यावर ज्यांना ज्यांना बी पेशी कळल्या ते सगळे, आणि खुर्च्या संपल्या तर उभ्याने प्रवास चालेल. तुमची पेटीही आणा. मारोतराव ती उघडून बघणारच आहेत, टेबलापासून लांब उभे राहून, तेव्हा तिच्यात फक्त शेंगदाणे असू द्या, मला ते मांडून दाखवायचे आहेत. सगळे आत बसले की मॅडम मला सुरू करायला सांगतील. मी करणार नाही. मी शेवटच्या रांगेकडे बघत उभी राहीन. तुम्ही तिथून डबल बेल द्या, मग सुरू करते.

तुमचीच,
समीक्षा